मोहित्यांची तलवार आणि काळा डबा

जयसिंहराव मोहित्यांनी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी जिमला जायचं ठरवलं ते तब्येतीसाठी नव्हे, रागापोटी. त्यांच्या आयुष्यातली बहुतेक कामं याच कारणाने झाली होती. (लग्नसुद्धा. पण ती हकीकत सुधाताईंनी सांगायची, आपण नाही.)

या रागाचं मूळ मागच्या दसऱ्यात होतं. ग्वाल्हेरला लष्कर भागात दख्खनहून आलेल्या जुन्या मराठा घराण्यांचं एक मंडळ आहे. पूर्वज फौजेत होते. वंशज बँकेत, शाळेत आणि मोबाइलच्या दुकानात आहेत. आपण कोण होतो हे सगळ्यांना वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सकाळी आठवतं. मग इंदरगंजच्या अलीकडे मंडळाचा जो हॉल आहे तिथे प्रत्येक घरचा कर्ता पुरुष आजोबा-पणजोबांचा अंगरखा घालून येतो, घरची तलवार म्यानातून उपसतो आणि हात सरळ धरून उभा राहतो. मंडळाचे अध्यक्ष पांडुरंगराव त्या घराण्यातल्या पूर्वजांची नावं वाचतात. शेवटचं नाव संपेपर्यंत तलवारीचं टोक खाली आणायचं नाही, असा नियम आहे. कुणाच्या घराण्यात पाच नावं, कुणाच्या सात. मोहित्यांच्या घराण्यात सतरा आहेत. या सतराचा जयसिंहरावांना तोवर फार अभिमान होता.

मागच्या वर्षी अकराव्या नावाला टोक थरथरलं आणि बाराव्याला खाली आलं. नऊ वर्षांच्या मधुमेहाने, आणि त्या मधुमेहाला भिऊन अर्धपोटी राहण्याने, जयसिंहरावांचे दंड सुकले होते. आजोबांचा अंगरखा त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. तेवढ्यात त्यांचा चुलतभाऊ शिवाजीराव पुढे आला, त्याने दादांच्या कोपराखाली हात दिला आणि हळूच म्हणाला, "दादा, मी आहे ना."

त्याने शिवी दिली असती तर परवडलं असतं. शिवीला उत्तर देता येतं. मायेनं धरलेल्या कोपराला काय उत्तर देणार? वर पांडुरंगरावांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं की पुढच्या दसऱ्याला जयसिंहरावांना सतरा नावं झेपली नाहीत, तर मोहित्यांची तलवार शिवाजीरावाच्या घरी जाईल. चार पिढ्या थोरल्या घरात असलेली तलवार धाकट्या घरी जाणार, आणि तीही जो जिन्याखाली स्कूटर लावतो त्याच्याकडे. जयसिंहराव त्या दिवशी जेवले नाहीत.

डोकं थंड व्हायला नऊ महिने गेले. (पुरतं झालं नाहीच.) मग पावसाळ्याच्या सुरुवातीला ते आपल्या डॉक्टर सीमंतिनीबाईंकडे गेले. या बाईंचे आजोबा मंडळाच्या शस्त्रपूजनाला मंत्र म्हणायचे. नात मंत्र म्हणत नाही, पण बोलते त्याच आवाजात. जिमचं नाव ऐकून बाई खूश झाल्या. वजनं उचला, म्हणाल्या. अंगात मांस आलं की साखर आटोक्यात ठेवायला मदतच होते. उपाशी राहणं बंद करा. मोड आलेले मूग, उसळ, दोन अंडी, दही, पनीर, हे रोज पोटात गेलं पाहिजे. व्यायामाच्या आधी आणि नंतर साखर मोजा, कारण तुमच्या गोळ्यांनी ती एकदम खालीही जाऊ शकते. आणि शेवटी चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "डब्यातलं काही घ्यायचं मनात आलं, तर घेण्याआधी डबा माझ्या टेबलावर आणून ठेवायचा."

या शेवटच्या वाक्याचा जयसिंहरावांना राग आला. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला डबा दाखवायला सांगतात म्हणजे काय, तो काय शाळेत जातो? त्यांनी त्याच क्षणी ठरवलं की डबा घ्यायचा. तोवर असे डबे असतात हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

जिममध्ये सौरव नावाचा चोवीस वर्षांचा मुलगा शिकवायला होता. त्याचा एकेक दंड जयसिंहरावांच्या मांडीएवढा होता. सौरवचा यात काही दोष नाही हे आधीच सांगून टाकतो. त्याने फॉर्म दिला होता आणि फॉर्मवर "कोई बीमारी?" असा सरळ प्रश्न होता. जयसिंहरावांनी तिथे "नहीं" असं ठसठशीत अक्षरांत लिहिलं. तब्येत ठणठणीत, वजन कमी, तीन महिन्यांत दंड हवेत, म्हटल्यावर त्या मुलाने जे कुणालाही सांगितलं असतं तेच सांगितलं, की अंकल, वजन गेन करना है तो गेनर लेना पड़ेगा.

मग टोपी बाजार. तिथे एका गल्लीत फेटे विकणारा आणि प्लॅस्टिकच्या बादल्या विकणारा यांच्या मध्ये एक दुकान होतं, त्यातून जयसिंहरावांनी गेनरच्या पावडरीचा तीन किलोचा काळा डबा घेतला. डब्यावर एका माणसाचा फक्त दंड छापला होता. (डोकं छापलं नव्हतं, पुढे जे झालं ते बघता हे योग्यच.) पुढच्या बाजूला 'मसल' आणि 'मास' हे शब्द हातभर अक्षरांत होते. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की एका वेळच्या मात्रेत प्रथिनं चोवीस ग्रॅम, आणि कार्बोहायड्रेट एकशे दहा ग्रॅम, पैकी साखर बावीस. म्हणजे दंडाच्या नावाखाली मिठाईच. मला हे असलं छापणाऱ्यांचा मनापासून संताप येतो. ज्याने माणूस बुडतो ते पाठीमागे, बारीक, आणि तेही इंग्रजीत. पण जयसिंहरावांनी ते मराठीत आणि हातभर अक्षरांत असतं तरी वाचलं नसतं, कारण बाजारात ते चष्मा लावत नसत. तलवारबहाद्दराच्या वंशजाला चष्मा शोभत नाही, असं त्यांचं मत होतं.

आता डबा ठेवायचा कुठे? घरात सुधाताई होत्या, आणि त्यांचा आणि डॉक्टरीणबाईंचा फोन आठवड्यातून एकदा व्हायचाच. शिवाय मुलगी हर्षिता बी.एससी. करत होती आणि घरातल्या प्रत्येक पुड्यावरचं वाचायची तिला खोड होती. जयसिंहरावांनी खूप विचार केला. (खूप म्हणजे पायऱ्या चढून होईपर्यंत.) सगळ्या घरात दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही अशी एकच जागा होती, ती म्हणजे शस्त्रांची सागवानी पेटी. तिची किल्ली त्यांच्या कमरेला असे. शस्त्रं वर्षातून एकदा, खंडेनवमीला घासली जात आणि तीही ते स्वतःच घासत. पेटीत तलवारीशेजारी एक मोठा पितळी डबा होता आणि त्यात घासायची पांढरी पूड, खडूसारखी बारीक. जयसिंहरावांनी ती पूड कागदात बांधून ऑफिसात नेली आणि पितळी डब्यात गेनर भरला. काळा डबा ऑफिसच्या कपाटात जळक्या मीटरांमागे गेला. दर सोमवारी तिथून पिशवीतून भर यायची, आणि डबा संपला की टोपी बाजारातून दुसरा.

हो, ते राहिलंच. जयसिंहराव वीज खात्यात मीटरच्या तक्रारी बघत. मीटर जोरात पळतंय म्हणून भांडायला आलेल्या प्रत्येक माणसाला ते तीस वर्षं एकच उत्तर देत आले होते: मीटर बरोबर आहे, घरात काय चालू आहे ते बघा.

तर रोज सकाळी जिमहून आले की जयसिंहराव आंघोळ करून, गरम दुधाचा मोठा पेला घेऊन पेटीच्या खोलीत जात आणि दार लावून घेत. शस्त्रांना नैवेद्य दाखवतो, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. चमच्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ते ढवळताना डाव्या हाताने घंटी वाजवत. सुधाताईंना नवऱ्याच्या या भक्तीचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी शेजारच्या इंदुताईंना सांगितलं, अहो, आमच्याकडे चाळीस-चाळीस मिनिटं आरती चालते. चाळीस मिनिटं लागत, कारण गुठळ्या मोडत नसत.

इकडे सुधाताई डॉक्टरीणबाईंच्या यादीप्रमाणे मूग भिजवत, मोड काढत, उसळ करत, अंडी उकडत. जयसिंहराव ताटाकडे बघून नाक मुरडत. हा काय घोड्याचा खुराक आहे, म्हणत. पेला पिऊन पोट गच्च झालेलं असायचं. अन्न टाकायची सुधाताईंच्या घरी रीत नव्हती. त्या स्वतःचं जेवण झाल्यावर नवऱ्याच्या वाटचे मूग आणि अंडीही, "आता कोण खाणार हे," असं पुटपुटत खाऊन टाकत. हे रोज चालायचं, तीनही महिने, आणि तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पहिल्या महिन्यात जयसिंहरावांचं वजन तीन किलो वाढलं आणि ते आरशासमोर उभे राहू लागले. दुसऱ्या महिन्यात उपाशीपोटीची साखर दोनशे साठ आली. जयसिंहराव साखर मोजायच्या यंत्रावर चिडले. यंत्र जोरात पळतंय, म्हणाले. नवीन यंत्र आणलं. त्याने दोनशे ऐंशी दाखवली. मग ते पट्ट्यांवर चिडले, बॅटरीवर चिडले, आणि लॅबवाल्या पोराने सुई टोचताना डोळा मारला म्हणून त्याच्यावर चिडले. (त्याचा डोळा तसाच होता.) हर्षिता एकदा सहज म्हणाली की बाबा, मीटर बरोबर आहे, घर में क्या चल रहा है वो देखो. तिच्याशी ते दोन दिवस बोलले नाहीत.

पण ते वाक्य त्यांच्या डोक्यात बसलं, आणि उलट्या बाजूने बसलं. घरात काय चाललंय? घरात कोण स्वयंपाक करतं? तिसऱ्या दिवशी त्यांनी पोळीचा घास मोडता मोडता सुधाताईंवर आरोप ठेवला की तू आमटीत गूळ घालतेस. इंदुताईंच्या नादाला लागून घालतेस. त्यांच्या ब्राह्मणी घरात गुळाशिवाय आमटी होत नाही, आणि तू तिकडून चटक लावून घेऊन आलीस. सुधाताई आधी हसल्या. मग जयसिंहरावांनी साखरेचा डबा ताब्यात घेऊन झाकणाला फडकं बांधलं आणि गाठीवर लाख लावली, तेव्हा त्यांचं हसणं थांबलं. सुधाताई तीन आठवडे बिनसाखरेचा चहा पीत होत्या. साखर चोरल्याचा आळ घेतला तर निदान साखर तरी मिळायला हवी होती, एवढंच त्या हर्षिताला म्हणाल्या.

साखर काही खाली आली नाही. जयसिंहरावांचा घसा कोरडा पडे, दर तासाला उठावं लागे, आणि प्रत्येक वेळी उठताना ते सुधाताईंकडे असं बघत, की बघ, हे तुझं काम. सकाळचा पेला मात्र चुकला नाही. उलट अशक्तपणा वाटतो म्हणून त्यांनी संध्याकाळी ऑफिसातही एक सुरू केला. माणूस दुसऱ्यावर चिडलेला असला की स्वतःच्या हातातल्या पेल्याकडे त्याचं लक्ष जात नाही.

खंडेनवमीला सकाळी ते जिममधून परत येताना जिन्यातच बसले. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. हर्षिताने रिक्षा करून सीमंतिनीबाईंकडे नेलं. साखर चारशे साठ. बाईंनी सलाइन लावलं, इन्सुलिन दिलं आणि विचारलं की खाण्यात काय आहे. जयसिंहरावांनी साळसूद चेहऱ्याने सांगितलं की मूग, उसळ आणि दोन अंडी. बाईंनी बाहेरून काही घेता का म्हणून तीनदा विचारलं. तीनदा नाही म्हणाले. संध्याकाळपर्यंत इथेच पडून राहा, असं सांगून बाई रागाने दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

आता खरा घोटाळा. उद्या दसरा, आणि शस्त्रं तशीच. सुधाताई विचारात पडल्या. नवरा भांडखोर असला, साखरेला लाख लावणारा असला, तरी उद्या त्याची तलवार काळी दिसली तर शिवाजीरावाच्या घरच्या बायका काय म्हणतील? त्यांनी सलाइनच्या बाटलीखाली झोपलेल्या नवऱ्याच्या कमरेची किल्ली सोडवली आणि घरी येऊन, लग्नानंतर बत्तीस वर्षांनी, पहिल्यांदा ती पेटी उघडली.

मायलेकींनी चार तास शस्त्रं घासली. पितळी डब्यातली पूड लिंबाच्या रसात कालवली, तशी ती फाटली. जुनी झाली असेल, सुधाताई म्हणाल्या. हर्षिता म्हणाली, आई, वास किती मस्त आहे गं, आइसक्रीमसारखा. तुझ्या बाबांनी देवाच्या वस्तूंत अत्तर घातलं असेल, सुधाताई म्हणाल्या, आजकाल फार करतात शस्त्रांचं. शेवटी त्यांना आठवलं की सासरे तलवार म्यान करताना म्यानात एक मूठ कोरडी पूड टाकत, दमट धरू नये म्हणून. सासऱ्यांहून कमी पडायला नको म्हणून त्यांनी दोन मुठी टाकल्या. तलवार ओली होती तशीच आत सारली, झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याच्या समारंभापर्यंत शस्त्र उघडायचं नाही, अशी त्या घरची रीत.

जयसिंहराव संध्याकाळी घरी आले, तलवार सजलेली बघितली. ही बाई, जिच्यावर आपण तीन आठवडे आळ घेतला. आता माफी मागावी, असं त्यांच्या मनात आलं. (हे त्यांच्या मनात वर्षातून एकदा येतं.) त्यांनी विचारलं, कशानं घासलीस?

"तुमच्याच पितळी डब्यातल्या पुडीनं. बरीच लागली."

जयसिंहराव खाली बसले. खरं सांगावं तर डबा बाहेर येणार. डबा बाहेर आला की साखर का वाढली ते बाहेर येणार, आणि मग लाख लावलेला साखरेचा डबा कोणत्या तोंडाने उघडणार? त्यांनी माफी परत गिळली. पुसली असेल नीट, त्यांनी स्वतःला समजावलं. सकाळी अंगरखा घालताना त्यांना मुठीजवळ एक मुंगी दिसली. ती त्यांनी बोटाने उडवली.

हॉल भरला होता. अंगरखा आता दंडाला थोडा ताठ बसत होता, तेवढं खरं. पांडुरंगरावांनी मोहिते घराणं पुकारलं. शिवाजीराव पहिल्या रांगेत, इस्त्री केलेल्या अंगरख्यात तयार बसला होता. जयसिंहरावांनी मूठ धरली, छाती काढली आणि उपसली.

तलवार आली नाही.

त्यांनी पुन्हा ओढली. मानेवरच्या शिरा उभ्या राहिल्या. तिसऱ्यांदा ते स्वतःभोवती अर्धा फेरा फिरले, पण तलवार म्यानात अशी बसली होती की जणू ओतली आहे. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली: मागच्या वर्षी धरवली नाही, यंदा काढवतही नाही. जयसिंहरावांचे कान लाल झाले. त्यांना शिवाजीरावाचा राग आला, पांडुरंगरावांचा आला, म्यान बनवणाऱ्या दोनशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा आला. शिवाजीराव उठून हळूच म्हणाला, "दादा, मी आहे ना." त्याने म्यान पोटाशी धरून जोर लावला. त्यालाही येईना. मग तोच एकदम किंचाळला आणि बाही झटकायला लागला. बाहीतून मुंग्या पडल्या. दोन-चार नव्हेत, पळणारी एक अख्खी रांग. मुठीच्या फटीतून त्या शिस्तीत बाहेर येत होत्या आणि काही जयसिंहरावांच्या कमरपट्ट्यात शिरल्या होत्या.

सीमंतिनीबाई दरवर्षीप्रमाणे दुसऱ्या रांगेत होत्या. त्या उठल्या, मुठीजवळचा पांढरा थर बोटावर घेतला, वास घेतला. हर्षितानेही घेतला. "आई, कालचाच वास. ये तो व्हॅनिला है."

बाई जयसिंहरावांना म्हणाल्या, "जुने वैद्य लघवीला लागलेल्या मुंग्या बघून हा रोग ओळखायचे, मोहिते. मला वाटलं होतं ते दिवस गेले. डबा कुठे आहे?"

सतरा पूर्वजांच्या नावांसमोर, अंगरख्यात, कमरपट्ट्यात चार मुंग्या चावत असताना जयसिंहरावांनी सगळं कबूल केलं. टोपी बाजार, काळा डबा, घंटी, नैवेद्य, ऑफिसातला संध्याकाळचा पेला. कुणी हसलं नाही. सगळे सुधाताईंकडे बघत होते.

सुधाताई उठून पुढे आल्या. बत्तीस वर्षांत त्या चार लोकांत आवाज चढवून बोलल्या नव्हत्या आणि आताही चढवला नाही. "तीन आठवडे तुम्ही मला साखरचोर म्हणालात," त्या म्हणाल्या. "डब्याला लाख लावलीत. मी बिनसाखरेचा चहा पीत होते, आणि तुम्ही दार लावून पेला-पेला पीत होतात. वर घंटी वाजवत होतात."

आयुष्यात पहिल्यांदा जयसिंहरावांच्या आत एकही राग शिल्लक नव्हता.

सुधाताईंनी कोपऱ्यातल्या चहाच्या टेबलावरून गरम पाण्याची किटली उचलली आणि म्यानाच्या तोंडावर सावकाश ओतली. पाक सुटला. त्यांनी पदर कमरेला खोचला, म्यान नवऱ्याच्या हातात दिलं, "घट्ट धरा, एवढं तरी करा," म्हणाल्या, आणि मुठीला एक हिसका दिला. तलवार बाहेर आली. जयसिंहराव म्यानासकट मागच्या खुर्चीवर आपटले.

शिवाजीरावाने हात पुढे केला. सुधाताईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. हात सरळ करून त्या पांडुरंगरावांना म्हणाल्या, "वाचा."

पांडुरंगरावांनी नियम आठवून बघितला. तलवार घरच्या माणसाने धरायची, एवढंच त्यात होतं. ते वाचू लागले. पहिल्या नावापासून सतराव्यापर्यंत सुधाताईंची नजर खुर्चीतल्या नवऱ्यावर होती आणि तलवारीचं टोक बोटभरही हललं नाही. रागाने माणसाच्या हातात बळ येतं असं म्हणतात, पण सतरा नावं टिकायला नुसता राग पुरत नाही. तलवार थोरल्या घरातच राहिली. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर फोटो आला: मधे तलवार धरलेल्या सुधाताई, आणि मागे म्यान मांडीवर घेऊन कंबर खाजवणारे श्री. मोहिते.

काळा डबा डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर गेला. त्यांनी तो उलटा फिरवला, जयसिंहरावांच्या नाकावर चष्मा ठेवला आणि मागची बारीक अक्षरं त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतली. दोनदा. व्यायाम बंद करायचा नाही, म्हणाल्या. सौरवला आजार सांगायचा, साखर मोजून जायचं, मूत्रपिंडाच्या तपासण्या झाल्यावर गरज वाटली तर बिनसाखरेची प्रथिनाची पावडर कुठली आणि किती ते मी ठरवीन. तोवर मूग. घरी साखरेच्या डब्यावरची लाख जयसिंहरावांनी स्वतःच्या नखांनी खरवडून काढली. सुधाताई शेजारी उभ्या राहून बघत होत्या आणि मदत करत नव्हत्या.

दिवाळीनंतर साखर एकशे तीसवर आली आणि जयसिंहराव पुन्हा जिमला गेले. फॉर्म नव्याने भरला, "कोई बीमारी?"पुढे खरं लिहिलं. सौरव ते वाचत नव्हता. त्याच्या मोबाइलवर तो फोटो कुठून तरी पोचला होता आणि तो दोन बोटांनी सुधाताईंचा दंड मोठा करून बघत होता.

"अंकल," तो आदराने म्हणाला, "आंटी कौन सा सप्लीमेंट लेती हैं?"

जयसिंहरावांनी पाच किलोचं वजन खाली ठेवलं. तीन महिन्यांची ताटं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली, एकेक करून.

"मेरे हिस्से का," ते म्हणाले.